डेंग्यूची सरकारी एलायझा तपासणी, नागपूर: किट पक्के, चिठ्ठी कच्ची

जुलै उजाडला की नागपुरात एक तक्रार हमखास ऐकू येते. खासगी दवाखान्यात झटपट तपासणीच्या (रॅपिड) कार्डवर डेंग्यू निघाला, पण सरकारी यादीत नावच नाही. याचे उत्तर सोपे आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात रॅपिड कार्डवरचा निकाल ‘संभाव्य’ धरतात, आणि खात्रीसाठी एलायझा, म्हणजे प्लेटवर रंग उमटवून केलेली प्रयोगशाळेतली तपासणी लागते. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांसारख्या सेंटिनल, म्हणजे यासाठी नेमलेल्या केंद्रांत ही तपासणी होते. नमुना काढण्यापासून वॉर्डात फवारणीचा पंप पोहोचेपर्यंतची ही पूर्ण सेवा कशी आहे, ते इथे पाहू. आमचे मत आधीच सांगून टाकतो: तपासणी भरवशाची आहे. गडबड होते ती नमुन्यासोबतच्या चिठ्ठीत आणि पहिल्या काही तासांत.

तपासण्या दोन, आणि त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. ताप आल्यापासून पाचव्या दिवसापर्यंत एनएस१, म्हणजे विषाणूचे प्रथिन शोधायचे. त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. दुसऱ्या दिवशी काढलेल्या रक्ताची आयजीएम केली तर खरा डेंग्यूही निगेटिव्ह येतो, आणि घरचे लोक ‘डेंग्यू नाही’ म्हणून निश्चिंत होतात. उलट आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकते. ऑगस्टमध्ये डेंग्यू होऊन गेलेला माणूस ऑक्टोबरात साध्या तापाने आला तरी पॉझिटिव्ह दिसतो. म्हणून ‘ताप कधी सुरू झाला’ ही तारीख नसेल तर निकाल वाचताच येत नाही.

आता किटबद्दल. आयजीएमसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयव्हीचे किट केंद्राकडून मोफत येते. प्लेटमध्ये ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे असतात. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव, १:१०० पातळ करून प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर घालायचे आणि ३७ अंशांवर तासभर ठेवायचे. मग धुवायचे, डेंग्यूचे अँटिजन (विषाणूचा अंश) घालून पुन्हा एक तास. परत धुवायचे, बायोटिन लावलेली अँटिबॉडी घालून आणखी एक तास. त्यानंतर एव्हिडिन-एचआरपी, म्हणजे रंग आणणारे विकर घालून अर्धा तास. शेवटी टीएमबी हे रंगाचे द्रावण घालून दहा मिनिटे अंधारात ठेवायचे, निळा रंग उमटला की स्टॉप सोल्यूशन टाकायचे. निळ्याचा पिवळा होतो. तो रीडरवर ४५० नॅनोमीटरला लगेच वाचायचा. धुण्याचा आणि पिपेटिंगचा वेळ धरला तर सकाळी लावलेली प्लेट दुपार टळल्यावरच हातात येते. ‘दोन तासांत रिपोर्ट द्या’ हा आग्रह म्हणूनच गैरलागू आहे.

बिघडते कुठे? बहुतेक वेळा धुण्यात. वेलमध्ये थेंब उरले, प्लेट टिश्यूवर नीट आपटून कोरडी केली नाही, की सगळीकडेच फिकट पिवळे दिसते आणि निगेटिव्ह कंट्रोलचा, म्हणजे निगेटिव्ह असल्याचे आधीच माहीत असलेल्या नमुन्याचा आकडा वर चढतो. वॉशरची, म्हणजे प्लेट धुणाऱ्या यंत्राची एखादी सुई तुंबली तर एकच रांग सगळी पॉझिटिव्ह निघते. एकाच रांगेतले सगळे नमुने एकाच वेळी पॉझिटिव्ह दिसले तर साथ म्हणण्याआधी सुया तपासाव्यात. फ्रिजमधून काढलेली रीएजंट्स (किटमधली द्रावणे) थंड असतानाच वापरली, की रंग कमी येतो. कंट्रोल बसले नाहीत तर पूर्ण प्लेट बाद, यात तडजोड नाही. कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह धरण्याची सीमा, कशी काढायची ते किटसोबत आलेल्या कागदावर असते, मागच्या वेळचा आकडा तोंडपाठ आहे म्हणून तोच लावू नये.

बॅचचा, म्हणजे बरेच नमुने एकदम लावण्याचा मुद्दा रुग्णांनीही समजून घ्यावा. दर वेळी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल लावावेच लागतात, म्हणून दोन-चार नमुन्यांसाठी प्लेट काढली तर किट वाया जाते. साथ नसलेल्या महिन्यांत नमुने साठेपर्यंत थांबतात आणि रिपोर्टला दिवस लागतात. ही मोठी उणीव आहे, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. रिपोर्ट आठवडाभराने आला तर त्या घराच्या आसपास पुढची पिढी उडालेली असते. ऐन हंगामात रोज आणि एरवी आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी प्लेट लावायची, आणि ते दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रांना आधी कळवायचे, एवढ्यानेही फरक पडेल.

आता नमुन्याचा प्रवास. साध्या ट्यूबमध्ये रक्त घ्या, अर्धा तास उभे ठेवून गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करून सिरम वेगळे काढा, २ ते ८ अंशांत पाठवा. अख्खे रक्त फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नये. पेशी फुटतात, सिरम लाल होते आणि नमुना टाकून द्यावा लागतो. नागपूरच्या जूनमध्ये पाऊस लांबला की पारा चाळिशीच्या वरच असतो. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आइस पॅक हवेतच. पण पॅक वितळले की नळीवर दव धरते आणि बॉलपेनने लिहिलेले लेबल पसरून नुसता निळा डाग उरतो. नाव गेले, नंबर गेला, नमुना बेवारस झाला. पाण्याने न पुसणारा मार्कर आणि ट्यूबसाठी झिपची पिशवी, हा उपाय काही रुपयांत होतो. चिठ्ठी त्याच पिशवीत घालू नये, वेगळ्या पिशवीत कॅरियरच्या झाकणाला चिकटवावी. एवढी साधी गोष्ट, पण कित्येक नमुने तिच्याचमुळे वाया जातात.

चिठ्ठीतली दुसरी चूक पत्त्याची, आणि ती नागपूरची खास आहे. इथे छिंदवाडा, बालाघाट, भंडारा, वर्ध्याहून रुग्ण येतात, आणि चिठ्ठीवर ज्या नातेवाइकाकडे ते उतरले त्याचा पत्ता पडतो. मग मानेवाड्यातल्या निर्दोष घराची टाकी तपासली जाते, आणि जिथे डास चावला ते गाव कोरेच राहते. विचारायचे ते असे: ‘ताप येण्याआधीचे पंधरा दिवस कुठे राहत होतात?’ आणि उत्तर गाव-वॉर्डासकट लिहायचे.

आजारांच्या नोंदणीसाठीची आयएचआयपी ही ऑनलाइन प्रणाली एप्रिल २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. आधी आठवड्याचे कागद जायचे, आता रोजची नोंद होते आणि ३३ आजारांवर लक्ष ठेवता येते. उपकेंद्रातून एस, डॉक्टरांकडून पी, प्रयोगशाळेतून एल, असे तीन फॉर्म. मांडणी उत्तम आहे. अडचण अशी की पी फॉर्मवरचा रुग्ण आणि एल फॉर्मवरचा निकाल जुळवायला नाव, वय आणि मोबाइल एकसारखे लागतात. एकीकडे ‘सौ. सुनीता’, दुसरीकडे ‘सुनिता’ आणि फोनचा एक आकडा चुकलेला, म्हणजे एकाच बाईच्या दोन नोंदी.

निगेटिव्ह नमुन्यांकडे दुर्लक्ष होते, ते आम्हाला सर्वांत खटकते. मेंदूज्वर घडवणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये याच जिल्ह्यातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने, म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाने, माणसे गेली. पूर्व विदर्भात जपानी मेंदूज्वरही आहे, आणि त्याची प्रतिपिंडे डेंग्यूच्या आयजीएमशी गल्लत करू शकतात. म्हणून ‘डेंग्यू निगेटिव्ह’वर फाइल बंद होऊ नये. ताप उतरत नसेल, अंगावर काळी खपली असेल, शेतात किंवा गवतात वावर असेल, तर त्याच सिरमवर स्क्रबची तपासणी मागावी. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात हलवावे, रिपोर्टची वाट पाहू नये.

पॉझिटिव्ह आल्यावरचे काम बरे होते. घरभेट, भांड्यांची तपासणी, आसपासच्या तापाच्या रुग्णांची विचारपूस, टाकीत टेमिफॉस हे अळीनाशक. पण नागपुरात पाहायचे ते कूलर. जूनमध्ये बंद केलेल्या डेझर्ट कूलरच्या टाकीत बोटभर पाणी उरते. ते ओतून दिले म्हणजे झाले, असे नाही. एडिसची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. तळ आणि कडा ब्रशने घासून घ्यायच्या, वाळ्याची ताटी काढून उन्हात टाकायची, टाकी पालथी ठेवायची.

तपासणीला जाताना ताप सुरू झाल्याची तारीख एका कागदावर लिहून न्या. चिठ्ठीवर ती चढली की नाही, ते खिडकीतून हलण्याआधी पाहा. लॅब नंबरचा फोटो काढून ठेवा. निगेटिव्ह आला आणि ताप कायम असला, तर त्याच नंबरवर पुढची तपासणी विचारता येते.