बटाट्याला युरिया किती? पावसाळी हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

बेळगावजवळच्या कडोलीच्या अंगाला आमची तांबडी जमीन. मृगाच्या आगेमागे कुफरी ज्योती जातीचा बटाटा लावला. माझ्या सऱ्यांना निम्मा नत्र (नायट्रोजन) लावणीला अमोनियम सल्फेटमधून आणि उरलेला नंतर मातीची भर लावताना युरियातून दिला. थोरल्या भावानं त्याच्या सऱ्यांना भर लावताना रिवाजाप्रमाणे मूठ सैल सोडली, म्हणजे निव्वळ युरिया आणि माझ्या जवळपास दुप्पट.

हिशेब सांगतो. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोच्या पोत्यात 20.7 किलो. अमोनियम सल्फेटमध्ये 20.5 टक्केच, त्यामुळं तेवढ्याच नत्राला 50 किलोची दोन पोती लागतात. खिशाला ते जड जातं. युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना.

भावाच्या सऱ्या काळ्याभोर झाल्या, येणारा-जाणारा थांबून बघायचा. शेजारचे काका तेवढे म्हणाले, "पाला लई आलाय, खाली काय हाय ते बघा की." उकरलं तर माझ्याकडं लिंबाएवढे बटाटे आणि त्याच्याकडं गोट्या. लावणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं बटाटा धरायला लागतो. नेमका तेव्हा नत्राचा मारा झाला की झाड पाला वाढवत बसतं, पोसणं लांबतं. त्यात झडीचा पाऊस. दाट पाल्यात वारं खेळेना, करपा आधी तिकडंच आला आणि फवारणीचा खर्च वाढला.

काढणीला एकूण वजनात म्हणावा तसा फरक नव्हता. फरक निवडीत पडला. माझ्याकडं मोठवड म्हणजे मोठा माल जास्त, त्याच्याकडं गोळी म्हणजे बारीक माल जास्त, शिवाय साल कच्ची. हात लावला की सुटायची. असा माल मार्केट यार्डात टिकत नाही, दर पडतो.

अमोनियम सल्फेटमधून गंधक मिळतं, आणि त्यातला अमोनियम मातीला धरून राहतो. युरिया ताजा असताना जोराचा पाऊस आला तर पाण्याबरोबर खाली उतरतो. पण सल्फेटनं जमीन आणखी आंबट, म्हणजे आम्लधर्मी होते. आमच्याकडची पश्चिमेची जमीन आधीच आंबट, म्हणून माती तपासल्याशिवाय दरवर्षी टाकणार नाही. चुना टाकायचा की नाही, तेही अहवाल बघूनच.

भात काढल्यावर रब्बीचा बटाटा लावतोय. तेव्हा पाऊस नसतो, पाणी आपल्या हातात असतं. त्यामुळं सल्फेटचा खर्च टाळून युरियाच देणार, फक्त मोजून आणि दोन हप्त्यांत. भाऊ या खेपेला निम्म्यावर यायला तयार झालाय. गुळगुळीत मोठवडाला गोव्याच्या गिऱ्हाइकानं दिलेला दर त्यानं माझ्या विक्रीच्या पट्टीवर बघितला.