फ्लाय बांधायचं किट, दिवाळीपासून आषाढापर्यंत: व्हाइस कामाचा, बाकीचं सोलापुरातच मिळतं

दिवाळीच्या सेलमध्ये फ्लाय, म्हणजे गळावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेलं माशासाठीचं नकली आमिष, बांधायचं किट ऑनलाइन मागवलं होतं. रोटरी व्हाइस (गळ धरायचा फिरता शिकंजा), बॉबिन (नळीतून दोरा सोडणारा रीळधारक), कात्री, व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायचं हत्यार), दोऱ्याची रिळं, थोडे गळ आणि रंगीत पिसांची एक फुगलेली पिशवी. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. हाच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, फोटोसुद्धा तेच असतात. पाचपैकी गुण द्यायचे तर व्हाइसला चार, बॉबिनला दोन आणि पिसांना भोपळा.

आधी व्हाइस. त्याचं काम एकच, गळ घट्ट धरायचा. गळाच्या आकड्यांचा हिशोब उलटा असतो, आकडा वाढला की गळ लहान. ६ पासून १२ नंबरपर्यंतचा गळ या जबड्यात हलत नाही. १४ नंबरचा गळ मात्र दोरा ताणला की घसरतो. गळाची तार कडक पोलादाची असते आणि जबडा मऊ निघाला की त्यावर हळूहळू खाच पडते. माझ्या जबड्याच्या टोकाला कानस लावून पाहिली, तर ती घसरून गेली नाही, खरवडली. म्हणजे पाणी नीट दिलेलं नाही. खाच पडली आहेच, पण चिलापीसाठी १० नि १२ नंबरच लागतात, त्यामुळे काम अडलेलं नाही.

रोटरी असण्याचा फायदा पहिल्या आठवड्यातच कळला. हँडल फिरवलं की गळ जागच्या जागी फिरतो, त्यामुळे लोकर किंवा पीस सारख्या अंतरावर गुंडाळलं जातं, शिवाय पलीकडची बाजू मान वाकडी न करता बघता येते. होळीच्या सुमारास मात्र फिरणारा दांडा लटपटायला लागला. आतलं बुश प्लास्टिकचं होतं. विक्रेत्यानं मेलला उत्तर दिलं नाही. शेवटी पॉवरलूमचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्यानं चहा येईपर्यंत पितळी बुश काढून दिलं आणि पैसे घेताना विचारलं, "हे मशीन कशाचं म्हणायचं, साहेब?" तेव्हापासून दांडा जराही हलत नाही. सोलापुरात राहण्याचा हा एक फायदा.

बॉबिन घेताना नळीचं तोंड बघा. किटमधल्या बॉबिनची नळी साधी धातूची, आत बारीक कंगोरा होता. दोरा ताणला की तिथंच पिंजला जायचा आणि ऐन शेवटच्या गाठीला तुटायचा. काडीला कापूस गुंडाळून नळीच्या तोंडात फिरवा. तंतू अडकले तर ते बॉबिन बाद. मी सिरॅमिक नळीचं वेगळं घेतलं. पैसे घालायचेच असतील तर जबडा, बॉबिन आणि गळ या तीन गोष्टींत घाला.

दोऱ्याला मात्र परदेशी रीळ लागत नाही. फ्लायच्या दोऱ्यावर ६/०, ८/० असे आकडे असतात, त्यात कंपन्यांचा आपसात मेळ नसतो. डेनियरचं तसं नाही. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, आणि ही भाषा आपल्या पूर्वभागातल्या सूतवाल्यांना पाठ असते. ओळखीच्या दुकानात जाऊन म्हटलं, "अण्णा, एकशे चाळीसच्या आसपास, बिनपिळाचा पॉलिस्टर आहे का?" त्यांनी कोन काढून दिला आणि कशासाठी ते ऐकल्यावर म्हणाले, "माशाला साडी नेसवताव का काय?" बिनपिळाचा मागायचं कारण असं की तो गळावर चपटा बसतो आणि गाठींचा ढीग होत नाही. पिळाचा धागा गोल राहतो, फ्लायचं डोकं जाडं होतं. शेनील, म्हणजे मऊ लव असलेला जाड धागा, तिथंच मिळालं, जरीचा धागाही. वूली बगर या फ्लायच्या नमुन्याला एवढं पुरतं: मागं पिसाची शेपटी, अंगाला शेनील आणि त्यावरून कोंबड्याचं पीस गुंडाळलेलं. अंगाला लोकर भरायची असेल तर घोंगडीवाल्याकडची पिंजलेली काळी लोकर वापरतो. राठ असते, पण पाण्यात मस्त फुलते.

किटमधली पिसं रंग सोडतात. ओल्या बोटांना हिरवा रंग लागला तेव्हाच ती पिशवी बाजूला ठेवली. चिकनच्या दुकानातून गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं आणून शाम्पूनं धुऊन, सावलीत वाळवून, डांबरगोळ्या टाकून डब्यात भरतो. डांबरगोळ्या विसरू नका, कसर लागली की फक्त काड्या उरतात. ही पिसं मऊ असल्यानं पाण्याखालच्या फ्लायला उत्तम, तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला निरुपयोगी. त्यासाठी खास जोपासलेल्या कोंबड्यांची लांब, ताठ पिसं लागतात आणि ती महाग पडतात. उजनीच्या गढूळ पाण्यात ड्राय फ्लाय कुणाला दाखवायचा, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिवळट ठिपक्यांच्या पिसांना सॅमन माशासाठी फ्लाय बांधणाऱ्यांमध्ये सोन्याचा भाव आहे. कुणी देऊ केली तरी हात लावू नका, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. मोराची आपोआप गळालेली पिसं देशात बाळगता येतात, बाहेर पाठवता येत नाहीत.

एप्रिल-मे हा इथला खरा परीक्षेचा काळ. पारा बेचाळिसावर आणि पंखा लावायची सोय नाही, कारण पंखा लावला की टेबलावरची पिसं थेट स्वयंपाकघरात. कूलरचं तर नावच नको. बायकोनं आमटीतून एक पीस काढून माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं, बोलली काहीच नाही. तेव्हापासून पहाटे बसतो. फ्लायच्या डोक्यावर लावायचं नेलपॉलिशही उन्हाळ्यात घट्ट होतं, दोन थेंब थिनर घालावा लागतो.

बांधलेलं दाखवायला माणसं लागतातच. पुणे, कोल्हापूर, नाशिक धरून आम्ही काहीजण अदलाबदल करतो: जितके सभासद, तितके एकाच नमुन्याचे फ्लाय बांधायचे, एकाकडे पाठवायचे, तो वाटणी करून प्रत्येकाला सगळ्यांचा एकेक परत पाठवतो. प्रत्येक फ्लायला नावाची नि साहित्याची चिठ्ठी. एकदा कुरिअरमध्ये डबा चेपला आणि फ्लाय एकमेकांत गुंतून आले, तेव्हापासून थर्माकोलमध्ये टोचूनच पाठवतो. मी क्लाउजर मिनो पाठवला होता. बॉब क्लाउजर या अमेरिकन गाइडनं १९८०च्या दशकात काढलेला हा नमुना. गळाच्या वरच्या बाजूला धातूचे जड नकली डोळे बांधल्यानं फ्लाय पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं. उजनीच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळी आहेत, तिथं हा कमी अडकतो. हरणाच्या शेपटीऐवजी मी उस्मानाबादी बोकडाचे काळे केस लावले होते. पुण्याच्या काकांनी फोन करून सांगितलं, "केस झकास. पण गळाचा डोळा बुजवलाय, दोरी कुठून ओवू?" पुढच्या खेपेपासून डोळ्यामागं जागा सोडूनच सुरुवात करतो.

जाता जाता एक. झिजलेल्या जबड्याची सुटी जोडी मागितली तर विक्रेता पूर्ण किट घ्यायला सांगतो. तुम्ही घेणार असाल तर सुटे जबडे मिळतात का हे आधी लेखी विचारा. नाही म्हणाला तर पिसांच्या पिशवीचे पैसे देऊ नका, नुसता व्हाइस विकणारा दुसरा शोधा.