बाल्टिक देशांचा भिंतीवरचा नकाशा: जमीन चोख, कारभार शिळा

नाशिकमध्ये हा नकाशा पट्ट्या लावून ८५० रुपयांना मिळतो. आकार ७० × १०० सेंमी, प्रमाण १ : ७,५०,०००, म्हणजे १ सेंमीला साडेसात किलोमीटर. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, खाली रशियाचा सुटा तुकडा कालिनिनग्राड. गिऱ्हाईक दोनच प्रकारचे: स्पर्धा परीक्षावाले आणि युरोपला द्राक्षे पाठवणारे.

भूगोलाला नावे ठेवायला जागा नाही. लिथुआनिया आणि कालिनिनग्राडच्या किनाऱ्यावरची क्युरोनियन वाळूपट्टी ९८ किमी लांब, ती इथे १३ सेंमी भरते. जिथे ती ४०० मीटरपर्यंत अरुंद होते तिथे कागदावर जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो, तरी छपाईत तुटलेली नाही. तिच्यावरच्या लिथुआनियातल्या निदा गावाच्या दक्षिणेची रशियाची हद्दही जागेवर आहे. उंचीच्या रंगांनी मात्र फसू नका. गडद तपकिरी दिसतो तो एस्टोनियाचा सूर मुनामागी डोंगर फक्त ३१८ मीटर आहे, आणि तिन्ही देशांत त्याहून उंच काही नाही. आपले नाशिक शहरच त्याच्या वर बसले आहे!

घोळ आहे तो कारभारात. कोपऱ्यात २०२२ छापलंय, पण आतल्या हद्दी जुन्याच. एस्टोनियाने २०१७ मध्ये २१३ पालिकांच्या ७९ केल्या. लाटव्हियानेही १ जुलै २०२१ पासून ११९ घटक एकत्र करून संख्या निम्म्याहून कमी केली. दुकानातच तपासायचं तर एस्टोनियाच्या सारेमा बेटावर बोट ठेवा. मुख्य बेटाचे तुकडे दिसले तर नकाशा २०१७ च्या आधीचा, कारण आता तिथे एकच पालिका आहे. एस्टोनियाचे जिल्हे १५, नाशिक जिल्ह्याच्या तालुक्यांइतकेच. पण जिल्हा प्रशासने १ जानेवारी २०१८ ला बंद झाली, त्यामुळे ‘जिल्हा मुख्यालय’ हे चिन्ह आता पोकळ आहे. परीक्षेसाठी एवढ्यानेच हा नकाशा बाद.

उद्योगांची चिन्हं अर्धीमुर्धी. एस्टोनियात ईदा-विरूचा ऑइल शेल (तेल देणारा खडक) आणि लिथुआनियात माझेइकियाईची रिफायनरी बरोबर. लिथुआनियाचं इग्नालिना अणुवीज केंद्र मात्र अजून चालू दाखवलंय, तिथली शेवटची अणुभट्टी २००९ च्या अखेरीस बंद झाली.

निर्यातदाराला हद्दींशी घेणं नसतं, रस्ते लागतात. टॅलिन–रिगा–काउनास–वॉर्सा हा ई-६७ महामार्ग ठळक आणि अचूक आहे, लिथुआनियाचं क्लायपेडा बंदरही. रेल्वेवर विसंबू नका. तिथली जुनी लाइन १५२० मिमी रुंदीची, पोलंडची १४३५ ची. सांध्यावर माल उतरवून चढवावा लागतो किंवा डब्यांची चाकं बदलावी लागतात. नकाशाने दोन्हींना एकाच काळ्या रेघेत घातलं आहे, आणि बांधकाम चालू असलेली रेल बाल्टिका ही १४३५ ची नवी लाइनही तयार झाल्यासारखी. पेनाने तुटक करून घ्या.

लॅमिनेशन मॅटच मागा; चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप नेमकी रिगावर पडते. पावसाळ्यात बिनलॅमिनेशनचा कागद खालून गुंडाळतो. तळाला लाकडी पट्टी हवी, प्लास्टिकची हलकी पडते.