कुंडीतला कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर: आठ महिन्यांनंतर

मातीचा ओलावा मोजायला दोन काट्यांचा जुना रेझिस्टिव्ह सेन्सर (मातीतून वीज सोडून तिचा विद्युतरोध मोजणारा) असेल तर आधी तो बाजूला ठेवा. त्याचा डीसी करंट थेट ओल्या मातीतून जातो, इलेक्ट्रोलिसिस होतं आणि सतत चालू ठेवला तर काही आठवड्यांतच एक काटा झिजून जातो. काळ्या, एकाच पात्याच्या कपॅसिटिव्ह सेन्सरचं (बोर्डावर 'व्ही १.२' छापलेला, ओलाव्याने बदलणारी विद्युतधारिता मोजणारा) तसं होत नाही. अख्खा पावसाळा कुंडीत काढूनही पातं शाबूत आहे. त्याची दुखणी वेगळी आहेत.

पहिलं दुखणं विकत घेतानाच तपासा. बोर्डावरच्या टायमर चिपचं नाव भिंगातून वाचा. टीएलसी ५५५ असेल तर उत्तम, एनई ५५५ असेल तर परत करा. बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) ३.३ व्होल्ट देतो आणि एनई ५५५ ला किमान ४.५ लागतात, त्यामुळे रीडिंग भरवशाचं येत नाही. मग वीज न जोडता आउटपुट आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावा. तिथल्या रेझिस्टरचा साधारण १ मेगाओहम दिसायला हवा. काही बोर्डांवर हा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो. मग पाणी घातल्यावर आकडा हलायला मिनिटभरही लागतं आणि लोक बिचाऱ्या कोडला दोष देतात. रेझिस्टरच्या मोकळ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत बारीक वायर सोल्डर केली की काम झालं.

दुसरं म्हणजे कडा. वरून लेप असला तरी कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत झिरपतं आणि माती सुकली तरी सेन्सर ओलंच सांगतो. मातीत खोचण्याआधी कडांना पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. वरच्या चिपच्या भागावर इपॉक्सी आणि त्यावर हीटश्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी). ग्लूगनचा गोंद उन्हात सुटतो, त्याच्या नादी लागू नका. आणि बोर्डावरच्या आडव्या रेषेच्या वरपर्यंत सेन्सर मातीत कधीच पुरू नका.

सेन्सर अर्दुइनो ऊनो या कंट्रोलर बोर्डाला ५ व्होल्टवर जोडला तर हवेत ६०० च्या आसपास आणि पाण्यात ३०० च्या खाली-वर आकडा येतो. आकडा जास्त म्हणजे माती कोरडी, हे उलटं गणित सुरुवातीला घोळ घालतं. पण ग्लासातल्या पाण्यावरून केलेलं कॅलिब्रेशन (कोणता आकडा म्हणजे किती ओल, हे ठरवणं) कुंडीत कामाचं नाही. आपलीच १ किलो माती उन्हात वाळवा, दर वेळी १०० मिली पाणी नीट कालवा, दाबून बसवा आणि आकडा लिहून ठेवा. कोकोपीटचा तक्ता वेगळा करावा लागतो.

काळ्या मातीत खरी फसगत होते. ती सुकताना आकसते, पात्याशेजारी फट पडते, सेन्सर हवाच मोजतो आणि त्याच्या आकड्यावर चालणारा पाण्याचा पंप नको तेव्हा सुरू होतो. आठवड्यातून एकदा बोटाने माती पात्याशी दाबावी, किंवा त्या कुंडीत थोडं शेणखत-कोकोपीट मिसळावं.

ऊनोऐवजी वायफाय असलेला ईएसपी ३२ बोर्ड वापरत असाल तर आउटपुट ३२ ते ३९ मधल्या पिनलाच जोडा. व्होल्टेजचा आकडा करणारे एडीसी त्यात दोन आहेत आणि वायफाय चालू असताना एडीसी २ च्या पिना रीडिंग देत नाहीत. दहा रीडिंग घेऊन मधलं धरा, तेही पहाटे. दुपारच्या तापलेल्या कुंडीतला आकडा थोडा सरकलेला असतो.