नववीची गणित सराववही : पाच पैकी तीन तारे
धाकटीसाठी अप्पा बळवंत चौकातून ९० रुपयांना आणली. परिमेय-अपरिमेयचं (पूर्णांकांच्या अपूर्णांकात मांडता येणाऱ्या आणि न येणाऱ्या संख्यांचं) प्रकरण झकास आहे. √०.०४ आणि √०.४ मुद्दाम शेजारी दिलेत. पहिली सरळ ०.२, म्हणजे परिमेय, दुसरी अपरिमेय. लेक फसली, आणि खरं सांगायचं तर मीही. लहान-मोठं ठरवायला वर्ग करायला लावलाय: ३√५ आणि ४√३, म्हणजे ४५ आणि ४८. झालं, कॅल्क्युलेटर नकोच.

पण उत्तरसूचीत २२/७ चक्क अपरिमेय! अहो, अपूर्णांकच आहे तो, ३.१४२८५७, पुढे तेच सहा अंक पुन्हा पुन्हा. पाय (π) त्याहून किंचित लहान, ३.१४१५९... आणि तो अपरिमेय. आमच्या मास्तरांनी कान पिळला असता. कागदही पातळ, जेल पेन मागच्या पानावर उमटतं.