शंभर जणांची बॅच: एकच ग्रुप, ब्रॉडकास्ट की तुकड्या?

फोंड्यात बसून सकाळी सहाची ऑनलाइन व्यायामाची बॅच चालवताना वीस जण असेपर्यंत सगळं तोंडपाठ असतं: कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची मुलगी दहावीला आहे. शंभरी गाठली की नावं गोंधळतात, आणि कोण कधी गळलं ते फी मागायच्या वेळी कळतं. तिथे ठरवावं लागतं.

एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठेवायचा तर जागेचा प्रश्न नाही, १,०२४ जण मावतात. पण सुप्रभातची फुलं आणि ‘आजचं झालं’चे अंगठे यांच्या गर्दीत एखादीचं "ताई, पाठ धरलीय, भुजंगासन करू का?" दुपारपर्यंत कुठल्या कुठे जातं. जुने बोलतात, नवे नुसते वाचतात.

ब्रॉडकास्ट लिस्टचं उलट. एका यादीत २५६ जण, आणि उत्तर थेट तुमच्याकडे. साखर, पाळी, वजन हे विषय बायका इथेच मोकळेपणी काढतात. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोपच पोचत नाही. आणि म्हापशाची बाई मडगावच्या बाईला ओळखतच नाही. तुम्ही तापाने पडलात की बॅचही पडली. (व्हॉट्सअ‍ॅप चॅनल एकतर्फीच, सूचनांपुरतं ठीक.)

तिसरा मार्ग व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीचा: वर सूचनांचा ग्रुप, खाली छोट्या तुकड्या. माझा कौल याला, पण अट आहे. दर तुकडीला एक जुनी सदस्य हवी. तिने शिकवायचं नाही; दोन दिवस न दिसणाऱ्याला फोन करायचा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत कोण माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) आणि नेवऱ्यांत (करंज्यांत) अडकलंय आणि कोण खरंच सुटत चाललंय, हे तिलाच कळतं. तिची फी माफ करा. फुकटची सेवा फार काळ कुणी करत नाही, करूही नये.

तुकडी पंचविसाच्या आत ठेवा. लॅपटॉपवर झूमच्या एका पानावर साधारण तेवढेच चेहरे दिसतात. पान उलटावं लागलं की कुणाची कंबर चुकतेय ते निसटतं. फोनवरून शिकवत असाल तर तेवढेही दिसणार नाहीत. फुकट झूम ४० मिनिटांनी तुटतं, हेही हिशेबात धरा.

तुकड्या गावावरून पाडा. म्हापशाहून पणजी कितीशी लांब? महिन्यातून एका रविवारी मिरामारला एकत्र चालता येतं, आणि आपल्याकडे अशा भेटीनंतर पावभाजी चुकत नाही, तेही चालेल. दुबईतल्यांची तुकडी तेवढी वेगळी: आपले सहा म्हणजे त्यांचे साडेचार.

तीसपर्यंत सदस्य असतील तर ब्रॉडकास्ट पुरे, उगाच पसारा नको. त्यापुढे तुकड्या, पण पाडताना जिवलग मैत्रिणींची जोडी फोडू नका. एक कंटाळली की दुसरीही जाते. आणि हे सगळं चवथ आटोपल्यावर करा, नाहीतर नवे ग्रुप पहिल्याच आठवड्यात ओस पडतील.