‘एआय सर्च’मध्ये आणून देणारे: टॉवेलच्या धंद्यातून काही महिन्यांचा अनुभव

आमचा टेरी टॉवेल आणि चादरींचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, जुनं दुकान चाटी गल्लीत. वेबसाइट, ऑनलाइन चौकशा आणि हॉटेल-लॉजच्या घाऊक ऑर्डरी मी बघते. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही बाहेरगावच्या एका एजन्सीची ‘एआय सर्च ऑप्टिमायझेशन’ सेवा घेतली, म्हणजे चॅटजीपीटी, गूगल यांच्या एआय उत्तरांत आपलं नाव यावं म्हणून करून घ्यायचं काम. महिना पंचवीस हजार, वर 18 टक्के जीएसटी. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाल्यावर ती बंद केली आणि तेच काम सोलापुरातल्याच एका वेबसाइट करणाऱ्या मुलाकडं दिलं. ते अजून चालू आहे. सध्या आमच्या ओळीतल्या प्रत्येक कारखान्यात असे फोन येतायत, आणि सुताचे भाव बघता पंचवीस हजार ही कुणालाच लहान रक्कम नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

गरज खरी आहे, हे आधी सांगते. गूगलनं उत्तराचा तयार गोषवारा वर दाखवणारी ‘एआय ओव्हरव्ह्यूज’ सोय ऑगस्ट 2024 मध्ये भारतात आणली, चॅटजीपीटीतला वेब-शोध त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर सुरू झाला, आणि 2025 च्या जुलैत गूगलचा ‘एआय मोड’ इथं सगळ्यांना खुला झाला. आमच्याकडं फोन करणारे लॉजवाले आता ‘लॉजसाठी किती जीएसएमचा टॉवेल घ्यावा’ हे तिथंच विचारून येतात (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). त्या उत्तरात आपलं नाव यावं, असं कुणाला वाटणार नाही? या वाटण्यावरच हा सगळा बाजार उभा राहिलाय. काही लोक त्यात खरंच जाणकार आहेत. बरेच जण कालपर्यंत फेसबुकच्या जाहिराती करत होते आणि आज पाटी बदलून ‘जीईओ एक्स्पर्ट’ झालेत (जीईओ म्हणजे जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन, याच कामाचं दुसरं नाव).

दोघांतला फरक ओळखायला मला माझ्या सासऱ्यांची जुनी सवय कामी आली. टॉवेल 400 जीएसएमचा आहे असं कुणी म्हटलं की ते वाद घालत नाहीत, काटा पुढं करतात. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर. 400 जीएसएमचा असेल तर त्याचं वजन 450 ग्रॅम भरलं पाहिजे. 380 भरलं तर तो 400 चा नाही, बोलणाऱ्याची जीभ कितीही गोड असो. एजन्सीचा पहिला अहवाल मी त्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “विचार की त्यांना, हे मोजलं कशानं?”

अहवालात ‘एआय व्हिजिबिलिटी स्कोअर’, म्हणजे एआयच्या उत्तरांत आपण किती दिसतो याचा आकडा होता आणि तो दर महिन्याला वाढत होता. कुठले प्रश्न विचारून तो काढला, अशी यादी मागितली. यादी यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त प्रश्नांत आमच्या फर्मचं नावच घातलेलं होतं: अमुक टेक्स्टाइल्सचे टॉवेल कसे आहेत, अमुक टेक्स्टाइल्स सोलापुरात कुठं आहे. नाव घेऊन विचारल्यावर उत्तरात नाव येणारच. जो गिऱ्हाईक आम्हाला ओळखतच नाही, त्याच्या तोंडचा प्रश्न त्या यादीत फारसा नव्हता. मला वाटतं, खोटं ज्ञान ओळखायची सगळ्यात सोपी जागा हीच आहे. प्रश्नांची यादी मागा, आणि त्यातले आपलं नाव असलेले प्रश्न काढून टाकल्यावर स्कोअर किती उरतो ते बघा.

स्क्रीनशॉटचंही तसंच. चॅटजीपीटी तुमची आधीची संभाषणं लक्षात ठेवू शकतो. दिवसभर एकाच फर्मबद्दल बोलून संध्याकाळी ‘सोलापुरातले चांगले टॉवेल उत्पादक सांग’ म्हटलं, तर त्याचा परिणाम उत्तरावर होऊ शकतो. शिवाय उत्तर दर वेळी बदलतं. मी माझ्या फोनवर, जावेच्या फोनवर आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन न करता तोच प्रश्न विचारला, कधी मराठीत, कधी हिंदीत. नावं वेगवेगळी आली, क्रमही वेगळा. त्यामुळं ‘चॅटजीपीटीत पहिल्या क्रमांकावर आणतो’ या वाक्याला अर्थच उरत नाही. तिथं पक्का पहिला क्रमांक असा नसतोच. साध्या गूगल शोधाबद्दलसुद्धा गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि गूगलशी खास संबंध असल्याचं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

‘हा प्रश्न महिन्याला इतके हजार लोक विचारतात’ असा एक तक्ताही अहवालात होता. कुठला प्रश्न किती जणांनी विचारला, हे ओपनएआय जाहीर करत नाही. बाजारातली साधनं अंदाज बांधतात. अंदाज म्हणून दाखवला तर माझी हरकत नाही, पण इथं तो मोजलेला आकडा म्हणून छापला होता. एआय ओव्हरव्ह्यूजमधून आलेल्या क्लिकचा वेगळा रकानाही होता. आम्ही सेवा घेतली त्या काळात गूगलचं सर्च कन्सोल (आपली साइट शोधात किती दिसली, किती क्लिक आल्या हे दाखवणारं साधन) या क्लिक वेब-शोधाच्या एकूण आकड्यातच मिळवून दाखवत होतं. मग हा रकाना कुठून आला? उत्तर मिळालं, “आमची स्वतःची पद्धत आहे, ती सांगता येत नाही.” माझ्या मते पैसे थांबवायला एवढं उत्तर पुरेसं होतं.

तांत्रिक काम म्हणून त्यांनी ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ नावाची, साइटवर काय आहे हे एआयला थोडक्यात सांगणारी फाइल साइटवर चढवली आणि तिचे वेगळे पैसे लावले. ही कल्पना जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर 2024 मध्ये मांडली. प्रस्ताव म्हणून ती वाईट नाही. पण गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की एआय ओव्हरव्ह्यूज किंवा एआय मोडमध्ये येण्यासाठी अशा खास फाइलची किंवा खास मार्कअपची (पानाच्या कोडमधल्या खुणांची) गरज नाही. पान गूगलच्या सूचीत असावं आणि शोधात उताऱ्यासकट दिसण्याजोगं असावं, एवढीच अट. गूगलच्या जॉन म्युलर यांनी तर या फाइलची तुलना जुन्या कीवर्ड मेटा टॅगशी केली होती, म्हणजे पानाच्या कोडमध्ये साइटवाला स्वतःच भरायचा त्या शब्दांच्या यादीशी, जिला गूगल विचारात घेत नाही. फाइल ठेवल्यानं नुकसान नाही, पण ‘हिच्याशिवाय एआयला तुमची साइट दिसत नाही’ असं सांगून पैसे घेणं मला अजिबात पटत नाही.

एका संशोधनाचा दाखला त्यांच्या प्रत्येक सादरीकरणात होता: ‘40 टक्के वाढ’. ते संशोधन खरं आहे. प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी जीईओ हा शब्द रूढ करणारा शोधनिबंध 2023 च्या अखेरीस प्रसिद्ध केला आणि तो 2024 च्या केडीडी या डेटा-विज्ञानाच्या परिषदेत मांडला गेला. त्यातले 40 टक्के म्हणजे ‘40 टक्क्यांपर्यंत’, आणि मोजलं होतं ते तयार झालेल्या उत्तरात एखाद्या स्रोताला मिळालेली जागा. ग्राहक नाही, विक्री नाही. आमच्याकडं मात्र ‘चौकशा 40 टक्के वाढतील’ म्हणून सांगितलं गेलं. त्याच निबंधात असंही दिसलं होतं की आकडेवारी, अवतरणं आणि स्रोत दिल्यानं फायदा झाला, कीवर्ड ठासून भरल्यानं झाला नाही. आणि आम्हाला लिहून मिळालेल्या लेखांत काय होतं? प्रत्येक परिच्छेदात ‘सोलापूर टॉवेल उत्पादक’, तेही दोन-तीनदा.

त्या लेखांबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. एकात सोलापुरी चादर लोकरीची असल्याचं लिहिलं होतं. ती सुती असते, जॅकार्डवर विणलेली. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि बाहेर विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो हे आमचं जुनं दुखणं आहे. अशात आमच्याच साइटवर चादर लोकरीची म्हणून छापून येणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही विणकराला विचारा. दुसऱ्या लेखात ‘जीएसएम जितका जास्त तितका टॉवेल उत्तम’. लॉजवाल्याला हा सल्ला दिला तर तो बुडेल. जड टॉवेल वाळायला वेळ घेतो, धुलाईचा खर्च वाढवतो, पावसाळ्यात कुबट वास धरतो. लेख यंत्राकडून लिहून घेतलेले होते हे उघड होतं. यंत्राला जे आधीच ठाऊक आहे किंवा जे ते चुकीचं समजून बसलंय, तेच त्याच्याकडून लिहून घेऊन पुन्हा त्याच्यासमोर ठेवायचं. मग त्यानं आमचं पान निवडावं तरी कशासाठी? असा मजकूर ढिगानं टाकणं गूगलच्या मार्च 2024 पासूनच्या धोरणानुसारही स्पॅमच ठरतं. जो आपला माल समजून घ्यायला एकदाही कारखान्यात येत नाही, तो एआयमध्ये आपलं काय मांडणार, हा प्रश्न मी आता पहिल्या फोनवरच विचारते.

बनावट नावांनी प्रश्नोत्तरांच्या साइटवर आमची शिफारस लिहायचाही प्रस्ताव आला. सासऱ्यांनी तिथल्या तिथं नाही म्हटलं. ऑनलाइन अभिप्रायांसाठी आपल्याकडं आयएस 19000:2022 हे मानक आहे, पण ते नसतं तरी आमचं उत्तर तेच असतं.

आता दुसऱ्या कामाबद्दल. सोलापूरच्या या वेबसाइट करणाऱ्या मुलानं आधी होस्टिंगचे लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याच्या नोंदी काढून दाखवल्या. आमच्या होस्टिंगच्या सुरक्षा सेटिंगमुळं ओपनएआयचा शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम ‘ओएआय-सर्चबॉट’ दारातूनच परत जात होता. प्रशिक्षणासाठीचा ‘जीपीटीबॉट’ वेगळा, शोधासाठीचा वेगळा, आणि एकाला अडवून दुसऱ्याला आत घेता येतं, हे मला त्याच्याकडून समजलं. आधीच्या एजन्सीनं इतक्या महिन्यांत लॉग उघडलेच नव्हते. दुसरी गोष्ट, आमचा सगळा कॅटलॉग फोटोंत आणि पीडीएफमध्ये होता, आणि मापं-वजनं जावास्क्रिप्टनं नंतर पानावर येत होती. अशी पानं बऱ्याच एआय बॉटना रिकामी दिसतात. त्यानं मापं, जीएसएम, सुताचा नंबर, रंगाचा पक्केपणा हे सगळं साध्या मजकुरात आणलं. गूगल बिझनेस प्रोफाइलवर चाटी गल्लीचा पत्ता होता आणि साइटवर एमआयडीसीचा, तो घोळ मिटवला.

मग सासऱ्यांना समोर बसवून काट्याची रीत लिहून घेतली: घरच्या काट्यावर टॉवेलचा जीएसएम कसा तपासायचा, लॉजसाठी किती, दवाखान्यासाठी किती, धुतल्यावर किती आटतो. हे एक पान आमच्या बाकी सगळ्या पानांपेक्षा जास्त वेळा उत्तरांत स्रोत म्हणून दिसलं. चॅटजीपीटीतून आलेल्या भेटींच्या दुव्याला बहुधा ‘यूटीएम सोर्स’मध्ये (भेट कुठून आली ते सांगणारी दुव्यातली खूण) त्याचं नाव असतं, त्यामुळं त्या भेटी मी स्वतः अ‍ॅनालिटिक्समध्ये मोजू शकते. संख्या मोठी नाही. गूगलचा साधा शोध आणि जुनी ओळख यांतूनच अजून बहुतेक धंदा येतो. पण या भेटींतून फोन करणारा माणूस नेमकं विचारतो, आणि हुबळीच्या एका लॉजची नियमित ऑर्डर त्यातूनच सुरू झाली.

या मुलाच्या कामातही उणिवा आहेत. अहवाल उशिरा देतो, इंग्रजी मजकूर कच्चा आहे. हिंदी पानांचं काम अजून बाकी आहे. तरी दर वेळी तो काय बदललं, कधी बदललं आणि मी ते कुठं तपासावं एवढं लिहून देतो. एखाद्या महिन्यात आकडा पडला तर पडला म्हणतो. त्यानं एकदाच ठरीव रक्कम घेतली आणि आता देखभालीचे महिन्याला थोडे पैसे घेतो. हमी दिली नाही; मी मागितलीही नाही.

नव्यानं सेवा घेणाऱ्यांनी एक काम आधी करावं: डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल, अ‍ॅनालिटिक्स आणि बिझनेस प्रोफाइल, सगळ्याची मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्यावी आणि एजन्सीला फक्त वापराची परवानगी द्यावी. आमचं सर्च कन्सोल आधीच्या एजन्सीच्या खात्यावरून उघडलेलं होतं आणि त्यांनी ताबा द्यायला टाळाटाळ केली. डोमेन आमच्या नावावर होतं म्हणून डीएनएसमधून (डोमेनच्या नोंदींतून) मालकी पडताळून आम्ही आमच्या खात्यात ते पुन्हा जोडलं आणि त्यांच्या पडताळणीची खूण काढून टाकली.